गोठ्यात योसेफ नाही

आगमनकाळाचा चौथा रविवार, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत, असं आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाली वगैरे काही नाही. चर्चमधून, मिस्साहून येऊन मी अजून चपलासुद्धा काढलेल्या नाहीत, तशीच लिहायला बसलेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस.

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील बडबडीने पुन्हा शेपटाकडून सुरुवात केली. आईच्या माघारी बाबा खूप थकलेत. दुकानांच्या पाट्या रंगवणं त्यांनी सोडलं, पण चर्चमधल्या नाताळच्या गोठ्यातल्या मूर्तींना दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. यंदाही पुढची खोली मूर्तींनी भरली. टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं उठलं होतं. बैलाचं शिंग परत मोडलंय, आणि तू चावलेला मेंढीचा कान तसाच आहे.

आपल्या चर्चचा क्रम तुला पाठच आहे. आधी रिकामा गोठा आणि जनावरं, मग मेंढपाळ, चौथ्या रविवारी मरिया आणि योसेफ. बाळ नाताळच्या आदल्या संध्याकाळी. तोवर गव्हाण रिकामीच ठेवायची. लहानपणी तू बाळाला गुपचूप आधीच निजवलंस तेव्हा बाबांनी तुझा कान पिळला होता, "वाट बघायला शीक जरा!" म्हणून. मी केवढी हसले होते.

यंदा बाबा योसेफला मागच्या खोलीत रंगवत होते, दार लोटून. मी चहा द्यायला गेले तर मूर्तीवर फडकं टाकत. एकदा मात्र बाळाच्या गालाला रंग लावता लावता मला म्हणाले, "काय गं, सात-आठ महिन्यांच्या पोराला दात येतात का?" मी म्हटलं, "येतात की. का?" तर म्हणाले, "काही नाही. तू तुझं काम कर." मला वाटलं, म्हातारपण. मी खरंच इतकी मठ्ठ आहे.

आता आजचं. वेदीजवळच्या हिरव्या चक्रातल्या चारही मेणबत्त्या पेटल्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. बाबा कडेला उभे होते, दोन्ही मूर्ती शालीत गुंडाळून बाकावर ठेवल्या होत्या. फादरांनी शुभवर्तमान वाचलं. मरियेला दिवस गेले आहेत आणि मूल आपलं नाही हे योसेफला कळतं, तो तिला गुपचूप सोडायचं ठरवतो आणि स्वप्नात देवदूत सांगतो, भिऊ नकोस, तिला घरी आण. दर खेपेला ऐकतो आपण हे. मी तर समोरच्या बाईच्या केसातली पिन बघत होते.

गाणं सुरू झालं. बाबांनी मरियेला नेऊन गोठ्यात ठेवलं, परत आले, योसेफला उचललं. गोठ्याच्या पायरीपाशी गेले आणि थांबले. थांबलेच. ऑर्गनवाल्या बाईंनी शेवटचं कडवं परत घेतलं, मग आणखी एकदा घेतलं. शेवटी फादर खाली आले आणि हळूच म्हणाले, "जागा पुरत नाहीये का?"

"जागा आहे, फादर," बाबा म्हणाले. "मलाच तोंड नाही."

आणि मग आपले बाबा, जे घरात मीठ मागायलाही दोन शब्द खर्च करत नाहीत, ते सगळ्या लोकांकडे वळले. "दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून घरी आणणारा माणूस माझ्या दारात आला होता. माझाच मुलगा. मी त्याला हाकलून दिलं. ह्याला इथे कुठल्या तोंडाने उभा करू?"

ऑर्गन बंद पडला. दादा, मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. ज्या गोष्टीबद्दल घरात ब्र काढायचा नाही, वहिनीचं नाव घ्यायचं नाही असा त्यांचा दंडक होता, ती त्यांनी भर चर्चमध्ये सांगितली.  बाबांनी योसेफला पोरासारखं कडेवर घेतलं आणि मधल्या वाटेने चालत बाहेर पडले. मी मागून धावले. रस्ताभर लोक थांबून बघत होते.

घरी येऊन त्यांनी मूर्ती दाराजवळच्या खुर्चीत ठेवली आणि शाल काढली. मी हबकलेच. योसेफची पांढरी दाढी खरवडून काढलीय. आता तो तुझ्या वयाचा आहे, काळ्या दाढीचा.

"आता पुढे काय?" मी विचारलं. "नाताळच्या आदल्या संध्याकाळी ज्याचं काम आहे तो येऊन ठेवेल," म्हणाले. "नाही आला तर यंदा मरिया एकटी." आणि आत जाता जाता पाठमोरेच म्हणाले, "सुनेला आणि नातवाला घेऊन ये म्हणावं." सुनेला म्हणाले, दादा. 

मी तुला विनवणार नाही. त्या दिवशी, वहिनी पोटुशी असताना, बाबा उंबऱ्यात तिच्या तोंडावर जे बोलले ते मीही ऐकलंय, आणि ते मला इथे लिहवत नाही. ती आली नाही तर मी तिला एका शब्दाने दोष देणार नाही. बाबांनी चारचौघांत मान खाली घातली म्हणून तिने लगेच विसरायला हवं असं थोडंच आहे? आधी तिला विचार. पण हे पत्र तिला वाचून दाखव.

लिहायला बसल्यापासून मागच्या खोलीतून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. आत्ता उठून बघून आले. बाबांनी माळ्यावरून आपला पाळणा काढलाय, तुझा आणि माझा, आणि पॉलिश पेपरने घासत बसलेत. जेवलेले नाहीत. मी म्हटलं, "दादाला लिहितेय. तुमच्याकडून काय लिहू?"

त्यांनी कडेवरून अंगठा फिरवून बघितला. मग मान वर न करता म्हणाले, "लिही, की पाळण्याच्या वरच्या कडेला मी रंग लावणार नाही. दात येत असतील तर पोरगं कडाच चावेल."

वाट बघायला शिकलेली,
तुझी बडबडी