झोपून काम करणाऱ्यांचा संप

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरं तर आडवा पडून. हे पत्र मी कामावर लिहितो आहे, आणि गाद्या तपासायच्या खात्यात माणूस कामावर असला की आडवाच असतो, हे तुला ठाऊक आहे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना दिवसातून एकदाच वापरायचा, तोही उतरायला. आईची झोप कशी आहे? तिच्याविषयी पुढे लिहितोच, पण हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. आमच्याकडे सगळे मजेत. ही बोलते आहे माझ्याशी, पण कामापुरतंच. त्याचं कारण आता सांगतो.

यंदाच्या पगारवाढीवर मी किती इमले बांधले होते ते तू जाणतेसच. आईला शब्द दिला होता, वाढ झाली की दोन खोल्यांचं घर घेतो आणि तिला तुझ्याकडून इकडे घेऊन येतो. घर पाहूनही ठेवलं होतं. तिची खाट कोणत्या खिडकीशी लावायची यावर आम्हा नवराबायकोत एक भांडणसुद्धा होऊन गेलं होतं. (ही पूर्वेच्या खिडकीवर अडून बसली होती.) त्यात मालकांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं आणि कंपनीला आजवर कधी झाला नव्हता एवढा नफा झाला म्हणून जाहीर केलं. पडद्यावर नफ्याची रेघ अशी चढत गेली की पडदा संपला आणि ती छतावर दिसू लागली. मी एवढ्या टाळ्या वाजवल्या की शेजारच्याने माझे हात धरले. दुसऱ्या दिवशी वाढीचा कागद हातात पडला. ताई, त्या वाढीत महिन्याचा चहा येईल, साखर येणार नाही. हिने कागद वाचला, मग उलटून मागची बाजू पाहिली, मग पाकिटात बोट घालून पाहिलं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, आणि खरं सांगतो, थोडा रडलो.

मग आमच्या खात्यात खलबतं झाली. खातं म्हणजे तिघं जण. एक मी. एक गजराज, ज्याला त्याच्या वजनामुळेच नोकरी मिळाली (तो ज्या गादीवरून उठला आणि गादीही पुन्हा उठली, ती पास). आणि एक जागीबाई, जिला वीस वर्षांत कामावर एकदाही डोळा लागलेला नाही, म्हणून तिचा शब्द अखेरचा. जागीबाई म्हणाली, संप करायचा. सगळे हातातलं काम टाकून नुसतं पडून राहायचं. आम्ही तिघांनी जोरात माना हलवल्या आणि दिवसभर गाद्यांवर निषेध म्हणून पडून राहिलो. आमच्या मोठ्या साहेबांना आम्ही पाठीमागे उशी म्हणतो, कारण कुठूनही दाबा, हात काढला की पुन्हा होते तसे. ते दुपारी येऊन दारातून डोकावले, आम्हाला पाहून चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता परत गेले. संध्याकाळी शेरा आला की आज खात्याने विशेष मन लावून काम केलं. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. जगातले बाकीचे लोक संपावर गेल्यावर जे करतात, त्याचाच आम्हाला पगार मिळतो!

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही उभे राहिलो. गादीला पाठ लावायचीच नाही. गजराजला तासाभरातच घेरी यायला लागली, पण गडी हटला नाही. उशी आले आणि दारातच थबकले. असा उत्साह या खात्यात मी पाहिला नव्हता, म्हणाले. आमचा फोटो काढला आणि तो आता जेवणघरात 'सदैव सज्ज' अशा अक्षरांखाली लावला आहे. (गजराज भिंतीला टेकलेला आहे, पण फोटोत ते बाणेदार दिसतं.)

शेवटी मी तडक त्यांच्या खोलीत गेलो आणि सगळं तोंडावर सांगितलं, आई, घर, खिडकी, सगळं. त्यांनी मान डोलावून ऐकलं, मला पाणी दिलं, कंपनी म्हणजे एक कुटुंब असं म्हणाले. आणि चार दिवसांनी आम्हा तिघांच्या घरी कंपनीची सगळ्यात मोठी गादी भेट म्हणून आली. आमच्या घरची गजराजने डोक्यावरून जिन्याने वर आणली. ती पसरली की खोली संपते आणि बाहेरचं दार वीतभरच उघडतं. दिवसा ती भिंतीशी उभी असते आणि आम्ही तिच्यामागून स्वयंपाकघरात जातो. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. घर हातचं गेलं. आईला आणखी एक वर्ष तुझ्याकडे ठेवून घेशील का? तिला खरं कारण सांगू नकोस. मला वरची जागा मिळाली, फार धावपळ असते, असं काहीतरी सांग.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, तोवर काल आईचा फोन आला. हिने तिला सगळं सांगून टाकलं आहे, कागदाची मागची बाजू पाहिल्यापर्यंत. आई म्हणाली, खिडकी घाल चुलीत, मी रविवारी येते आहे. तेव्हा वरचा ता. क. खोडला असं समज.

ता. क. ३. काल रात्री ही आपणहून बोलली. आई, ती आणि आमची मुलगी अशा तिघी त्या गादीवर आडव्या नीट मावतील, असं तिचं म्हणणं. मी तपासून पाहिलं, बरोबर आहे. चौथा मावत नाही. तर आईबरोबर तुझ्याकडची ती जुनी सतरंजी तेवढी पाठव, मी स्वयंपाकघरात झोपेन. पातळ असली तरी चालेल. घरी कोण तपासतंय!