परत न विकलेली बरणी

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा फिट! टिली माझ्याच स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून बिस्किटांचं पीठ थापत होती. हात मध्येच थांबला, डोळे वर गेले. झटकन धरली म्हणून, नाहीतर पेटत्या शेगडीवरच कोसळली असती. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं? "आजी, बिस्किटं करपली का?" करपू देत गं बाई! सहा वर्षांचं लेकरू. या वयात गुडघे फुटावेत, डोकं कशाला?

शहरातल्या डॉक्टरांनी लायलला आणि ट्रिनाला, म्हणजे माझ्या मुलाला आणि सुनेला, तिच्या मेंदूचा फोटो दाखवला. उजव्या बाजूला राजम्याच्या दाण्याएवढा डाग. तो काढला तर फिटा थांबतील. पण डाव्या हाताची खात्री नाही. नाही काढला तर एखादी फिट थांबायचीच नाही. ही काय निवड झाली? तारीख मिळालीय, २० मार्च.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑपरेशनचा खर्च टिलीच्या सरकारी कार्डावर होईल. आजारी मुलांसाठी असतं ते. पण शहर पाच तासांवर. तिथे महिनाभर मोटेलात राहायचं, पेट्रोल घालायचं, लायलचा रँचवरचा पगार बुडणार, ट्रिनाचा शाळेच्या किचनमधला बुडणार. ते कार्डावर नाही. आईबाप म्हणजे जणू सामानच, मुलीबरोबर फुकट जाणारं!

माझी मैत्रीण व्हर्ना दुपारी आली. टोपीही न काढता म्हणाली, "पैसे जमवायला फायर स्टेशनात सपर ठरलं. राजम्याची चिली मी करणार. तुझ्या चिलीत दाणे शोधायला दुर्बीण लागते." मी म्हटलं, "आणि तुझी खाल्ली की बंबच बोलवावा लागतो." मग दोघी रडलो. चाळीस वर्षं असंच चाललंय आमचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

काय गर्दी! बंब बाहेर वाऱ्यात उभा केला आणि आत टेबलं मांडली. चिली, वर दालचिनीचे रोल. वासरांना दूध पाजायची बादली फिरवली. कोण किती टाकतंय ते कुणी पाहत नाही, आपल्याकडची रीतच आहे ती.

शेवटी लिलाव, पुकारणारा आपला मर्ल. सत्तरी उलटली तरी जीभ अजून घोड्यासारखी धावते त्याची. माझी जॅमची बरणी उचलली. ओढ्याकाठचे रानप्लम, मागच्या ऑगस्टमधले, टिलीनेच वेचलेले. बँकेतल्या माणसाने घेतली आणि ओरडला, "परत विका!" मर्लने परत विकली. ज्याने घेतली तोही म्हणाला, "परत विका!" असं किती वेळ चाललं! इथे कुणाच्याही दुखण्याला हेच. वस्तू घ्यायची, पैसे द्यायचे आणि वस्तू परत टेबलावर.

टिली माझ्या मांडीवर होती. मध्येच मोठ्याने म्हणाली, "आजी, पण शेवटी खातं कोण?"

सगळे हसले. मर्ल म्हणाला, "जो परत विका म्हणायचं विसरेल तो, पोरी. अजून तरी कुणी विसरलं नाही."

बरणी न उघडताच घरी आली. टिली वाटेत नुसती तिच्याकडे बघत होती. मी म्हटलं, ऑपरेशन करून ये, मग बघू.

पैसे लायलने सोमवारी बँकेत भरायचे ठरवले. देवा, माणसं चांगली आहेत रे तुझी.

६ मार्च, गुरुवार

पत्र आलं. टिलीचं कार्ड बंद!

तीनदा वाचलं. का, तर लायलच्या खात्यात पैसे दिसले. कार्ड असलेल्या मुलीच्या घरात ठरावीक रकमेच्या वर काही असता कामा नये म्हणे. ती रक्कम इतकी, की जुना पिकअपसुद्धा यायचा नाही त्यात. आणि लायलने त्यांना सांगितलं होतं हो, की हे गावाने दिलेत, मुलीसाठी!

७ मार्च, शुक्रवार

ट्रिनाने फोन लावला. सकाळभर नुसतं संगीत वाजत होतं. मग एक बाई आली, गोड आवाजाची. फोन स्पीकरवर होता, मी माझ्या कानांनी ऐकलं. ती म्हणाली, "अभिनंदन, मॅडम. नियमाप्रमाणे आता तुम्ही गरजू नाही."

अभिनंदन!!

ट्रिना म्हणाली, "अहो, या पैशात त्या ऑपरेशनचा एक तासही यायचा नाही."

"ते मला समजतंय, मॅडम. खातं मर्यादेखाली आलं की पुन्हा अर्ज करा."

"मग उद्याच सगळे वाटून टाकते!"

"नुसते देऊन टाकलेत तर तेही चालणार नाही, मॅडम. मुद्दाम कमी केले असं धरतात. रास्त खरेदीत खर्च झाले पाहिजेत."

खोकल्याच्या गोळीएवढंही औषध न देता आम्हाला श्रीमंत करून टाकलं बयेने. भीक नको, पण कुत्रं आवर, अशी गत. नाही, तेवढंही नाही. भीक गावाने घातली, तीही आदराने. आणि हे कुत्रं ती भीकच पुरावा म्हणून घेऊन बसलंय!

८ मार्च, शनिवार

हॉस्पिटलने २० तारीख काढून घेतली.

९ मार्च, रविवार

चर्चला गेले, पण मन नव्हतं. क्षमेवर प्रवचन होतं. मी म्हटलं, क्षमा नंतर बघू, आधी कार्ड द्या.

१२ मार्च, बुधवार

दोन फिटा. दुसरी लांबली. लायलने तिला छातीशी धरून ठेवलं होतं आणि तिच्या कानात गाईंची नावं म्हणत होता, तिला आवडतात म्हणून. आपलं पोर असं बघवत नाही, आणि त्या पोराचं पोर तर त्याहून नाही.

तिरीमिरीत मर्लकडे गेले. गोठ्यात होता. म्हटलं, "घे तुझे पैसे परत! सगळ्यांचे परत घे!"

"कुणाला देऊ? बादलीत टाकलेल्या नोटांवर नाव असतं का, आर्डिस?"

"मला माहीत नाही! लायलच्या खात्यातून काढ म्हणजे झालं!"

"ओरडू नकोस, गाय दचकतेय." मग टोपी मागे सारून म्हणाला, "मी लिलाववाला आहे बाई. माणसाच्या खिशातून पैसे काढायची एकच रीत मला येते. त्याला काहीतरी विकायचं."

गाय रवंथ करत होती.

मी म्हटलं, "मर्ल, माझी बरणी अजून फळीवर आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग इतका हसला की गाय खरंच दचकली.

१५ मार्च, शनिवार

आयुष्यात असा लिलाव पाहिला नाही!

पुन्हा फायर स्टेशन, पुन्हा व्हर्नाची चिली. यावेळी मदत फायर स्टेशनच्या नावाने. त्यांच्या पेटीत पडेल त्यातून ते ज्या कुटुंबाचं वाटेल त्याचं मोटेल आणि पेट्रोल परस्पर भागवतील. कुणाचं, ते सगळ्या गावाला ठाऊक.

मर्लने बरणी वर धरली. "रानप्लमचा जॅम! कोण बोलतंय?"

लायलने हात वर केला. माझा लायल, जो बूटसुद्धा जुने घेतो! पण एकट्याने बोली लावून लिलाव होत नाही. तेवढ्यात मागून व्हर्ना उठली, हातात चिलीचा डाव तसाच. "एक डॉलर वर!"

लायल वाढवायचा, व्हर्ना एक डॉलर वर. "लाज वाटत नाही का रे, म्हाताऱ्या बाईच्या तोंडचा जॅम पळवतोस?" लोक टेबलं बडवत होते. मर्लचा आवाज बसत आला. शेवटी लायलने बाप्तिस्म्याला उभा राहावा तसा सरळ उभा राहून गावाने दिलेली अख्खी रक्कम पुकारली.

व्हर्ना म्हणाली, "जा, घे. तुझ्या आईचा जॅम तसाही आंबट असतो."

"विकली!" मर्लने टेबलावर हात आपटला.

आणि लायल, जन्मभराच्या सवयीने, बरणी हातात घेऊन ओरडला, "परत विका!"

"नाही!!" अख्खं स्टेशन ओरडलं. मर्लने त्याच्या तोंडावर टोपीच दाबली.

पावती केली. खरेदी, उघड लिलावात, चढ्या बोलीने. मी मर्लला विचारलं, "ही रास्त खरेदी म्हणायची का?"

तो म्हणाला, "तुझा जॅम खाल्लाय मी. स्वस्तात गेला."

१ एप्रिल, मंगळवार

कार्ड चालू! तीच गोड बाई. पावतीबद्दल "वरिष्ठांनी चर्चा केली" म्हणे. करू देत. तिने विचारलं, "जॅमच आहे ना, मॅडम?" ट्रिना म्हणाली, "प्लमचा."

नवी तारीख १७ एप्रिल. दरम्यान येऊन गेलेल्या फिटांची पावती कोण देणार?

१७ एप्रिल, गुरुवार

आत नेली. केस काढलेलं डोकं केवढंसं दिसतं. मला म्हणाली, "बरणी कुणाला देऊ नकोस."

१८ एप्रिल, शुक्रवार

बाहेर आली. डोळे उघडले. फिट नाही. डावा हात चादरीवर नुसता पडलाय. डॉक्टर म्हणतात, थांबा. थांबतोय. हॉस्पिटलच्या कॅन्टीनची कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, आणि तिची किंमत बघून मी मोठ्याने बोलले. लायल म्हणाला, "आई, इथे तरी नको." का नको?

२९ एप्रिल, मंगळवार

फिट नाही. हातही नाही. रोज तिच्या बोटांशी खेळते, एकेका वासराला हाक मारावी तशी हाक मारते. येत नाहीत.

६ मे, मंगळवार

घरी आलो. दारात कार्डाच्या कचेरीचं पत्र. सदर बरणी ही कुटुंबाची मालमत्ता धरली जाईल, कारण उघड लिलावात तिची किंमत सिद्ध झाली आहे. ती अजून ताब्यात आहे का ते लेखी कळवावे.

मी लायलला वाचून दाखवत होते, आवाज चढवून, अगदी शेजारी ऐकू जाईल असा. मागे फळीजवळ स्टूल सरकल्याचा आवाज आला. टिलीने झाकण काढलं होतं. उजव्या हातात बिस्किट होतं, म्हणून बरणीत दुसरा घातला होता.

कळवते म्हणावं. डावा हात मनगटापर्यंत चिकट झालाय.