मी प्यायले होते

२ मार्च

पुन्हा धूर. शेतीसाठी डोंगर पेटवलेत, शहर खोकतंय. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून बसले आहे. घसा खरखरतो. बाल्टिमोरला भाषणांनी खरखरायचा, इथे नुसत्या श्वासाने!

सकाळी ग्लेन आला. ऑस्ट्रेलियाचा, निवृत्त, बारा महिने खूश. "डेला, अजून दोन जोडपी येताहेत लाम्पांगला! तुझं ते पत्र वाचून."

ते पत्र! या थाई शहरात आल्या-आल्या, नऊ वर्षांपूर्वी, भाडेकरू संघाच्या जुन्या सोबत्यांना लिहिलं होतं — इकडे या, पेन्शनीत माणसासारखं जगता येतं. अंगण आहे, ताजी भाजी आहे, दात दुखला तर दंतवैद्याकडे जाता येतं. आधी तिघं आली. त्यांनी ते पत्र पुढे धाडलं. आता बाजारात दर दहा पावलांवर एक फरांग, म्हणजे परदेशी, भेटतो. मीही फरांगच म्हणा.

५ मार्च

नुआनला जागा सोडायला सांगितली आहे.

माझ्या भिंतीला लागून तिचं दुकान. तीस वर्षं तोच खाओ सोय — नूडल्स, पिवळा रस्सा, वर कुरकुरीत शेव. तिची जागा आणि माझं घर, दोन्ही घरमालकीण वन्नाची. नव्या जोडप्यांपैकी एकाला तिथे कॉफीचं दुकान काढायचं आहे. चौपट भाडं देतात.

"पावसाळ्याच्या आत," नुआन म्हणाली. कोथिंबीर चिरत होती, मान वर केली नाही. "तुम्ही जेवा आजी, गार होतंय."

माझं भाडं मात्र तेच! 'आजी आमच्या पहिल्या फरांग,' वन्ना कौतुकाने सांगते.

चाळीस वर्षं घरमालकांविरुद्ध बोलले. बोलता बोलता माझ्याच शहराचं भाडं मला परवडेनासं झालं, म्हणून इथे आले. आणि इथल्या गल्लीत भाडेवाढ कुठून शिरली? माझ्याच पत्रातून!

६ मार्च

दिवसभर पडून.

१० मार्च

नुआनला म्हटलं, गल्लीतल्या सगळ्यांना जमवू.

"जमवून काय करायचं?"

"बोलायचं!"

"कोण, तुम्ही? आजी, तुमचं थाई माझ्या नातीपेक्षा कच्चं आहे. ती तीन वर्षांची आहे."

खरं आहे. याच गोष्टीने मी दमते, धुराने नाही. एकेकाळी माझ्या एका वाक्यावर हजार माणसं उठून उभी राहत. इथे नऊ वर्षं बोलतेय काय — पिकलेली द्या, फार तिखट नको.

विचारलं, रोज दुपारी दुकान मिटून जातेस कुठे?

"वन्नाताईंच्या आईकडे. रस्सा नेते, पाय चोळून देते. म्हातारीला बरं वाटतं."

पाय चोळते! हक्काच्या जागेसाठी!

१८ मार्च

वन्नाच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. जायचं नाही असं ठरवलं होतं. नुआन म्हणाली, "जायलाच हवं. न जाणं म्हणजे भांडण." ती स्वतः तिथे शंभर माणसांचा स्वयंपाक करणार आहे. फुकट.

२१ मार्च

वन्नाकडून आत्ताच आले.

सकाळी भिक्खू आले, मंत्र झाले, मनगटावर पांढरा दोरा. मग जेवण. मग कराओके — फरांग दिसला की माईक त्याच्या हातात! ग्लेन गायला. भयंकर. टाळ्या. मग वन्नाचा भाऊ ओरडला, "आता आमच्या आजी!"

माईक हातात आला. नऊ वर्षांनी. वजन तेच.

गायले नाही. बोलले. मोडकं थाई, पण पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. म्हणाले, घर सुंदर आहे. पण ही गल्ली नुआनच्या रश्श्यावर वाढली. वन्ना, तूसुद्धा! शाळेतून आलीस की तू तिथेच जेवायचीस. आज तिला बाहेर काढतेस? मग मला का नाही काढत? परकी मी आहे, ती नाही!

पंखे तेवढे फिरत होते. वन्नाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, थिजलेलं. शेवटी भावाने माईक काढून घेतला. "अरे, आजींना चढली!"

सगळे हसले. सुटका झाल्यासारखे. गाणं सुरू झालं.

चढली! मला! अकरा वर्षांची असताना बाप उंबऱ्यावर ओकून पडलेला पाहिला, त्या दिवशी शपथ घेतली. साठ वर्षांहून अधिक झाली, थेंब नाही. ग्लासात अंबाडीच्या बोंडांचं लाल सरबत होतं!

२२ मार्च

भाजीवाली — "उतरली का आजी?" पोस्टमन — "लिंबू चोखा." औषधाच्या दुकानातल्या मुलीने न मागता डोकेदुखीच्या गोळ्या काढून ठेवल्या.

सगळे अगदी मायेने. तेच सहन होत नाही.

२४ मार्च

नुआन आली. भर गर्दीच्या वेळी दुकान टाकून.

"काय करून बसलात आजी! वन्नाताई हो म्हणायच्या बेतात होत्या. आईने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. एप्रिलच्या सणानंतर गुपचूप राहू देणार होत्या मला."

"मग आता देऊ दे की!"

"आता? आता दिलं तर गाव म्हणेल, फरांग म्हातारीने चारचौघांत दम भरला, म्हणून वाकली. कशा देतील?"

विचारलं, मी काय करू?

"जा. सांगा, प्यायले होते."

"मी पीत नाही!"

"ते सगळ्यांना माहीत आहे."

"मग हे खोटं कोणासाठी?"

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, जशी मी भाषणाला न येणाऱ्या माणसांकडे पाहायची. "त्यांना मागे फिरायला जागा हवी ना, आजी."

२५ मार्च

नाही जाणार. व्यासपीठावरचा एक शब्द आजवर मागे घेतलेला नाही. पोलिसांनी दंडाला धरून ओढलं तेव्हाही नाही. आणि बापाचं व्यसन माझ्या नावावर लावून घेऊ?

नाही!

२९ मार्च

कॉफीवाले जोडपं मोजमापाची फीत घेऊन आलं. नुआन त्यांना गार पाणी देत होती. बाई मला पाहून धावत आली. "तुम्हीच डेला ना? तुमच्या पत्राने आमचं आयुष्य बदललं!" मिठी मारली.

त्यांचंही घर भाड्याने खाल्लं होतं. तिने सगळं सांगितलं. नीट चिडताही येईना.

२ एप्रिल

गेले.

मोगऱ्याचा हार, संत्र्यांची टोपली. वन्नाने बसवलं. आई कॉटवर, डोळे मिटून. हात जोडले. म्हणाले, "मी प्यायले होते. ते बोलणं मनावर घेऊ नका."

आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. त्यानेच सर्वांत थकवलं.

वन्ना म्हणाली, "या वयात सोसत नाही, आजी. जपा." मग आंब्यांविषयी बोलत राहिली. दुकानाचा विषयच नाही.

घरी येऊन दार लावलं. तोंड तीनदा धुतलं.

१० एप्रिल

कॉफीवाल्यांना वन्नाने नदीकाठची आपलीच दुसरी जागा दाखवली. त्यांना तीच जास्त आवडली, ग्लेन सांगत होता.

नुआन शटरला रंग देत होती. विचारलं, राहतेस?

"मग रंग काय गंमत म्हणून देतेय? बाजूला व्हा, शिंतोडे उडतील."

तीन दिवसांनी नववर्षाचा सण. धाकटे थोरांच्या हातांवर पाणी घालतात, वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. माझ्याकडे दरवर्षी एकटी नुआन येते.

१४ एप्रिल

वन्ना आली. चांदीचं भांडं, मोगऱ्याचं पाणी. भर गल्लीत, सगळ्यांसमोर गुडघे टेकले. माझ्या हातांवर पाणी ओतत म्हणाली, "जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर पोटात घाला, आजी."

आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं. शब्द सापडेना. मला!

मग ती आणखी वाकली, फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली — "त्या दिवशी तुमच्या ग्लासात सरबत मीच ओतलं होतं."