अडीच तासांची सामायिक

आळेफाटा,
५ ऑगस्ट २०२४

चि. संयम यास आईचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. गुरुवारी सकाळी मी सामायिकेच्या ध्यानाला बसले होते. अठ्ठेचाळीस मिनिटं जागा सोडायची नाही, विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, हे तुला का सांगायला हवं? फोन फळीवर होता. त्यात तू घातलेल्या त्या ॲपने ठरवलं, म्हातारी हालत नाही म्हणजे पडली. फोन वाजत राहिला, मी बसून राहिले. शेवटी तू कळवल्यावर शेजारच्या लालचंदभाऊंनी दाराची कडी तोडली. अर्धी गल्ली आत आणि मी तोंडाला मुहपत्ती बांधून बसलेली! लाजेने मेले रे. आता डोळे मिटले तरी लक्ष दाराकडे. माझ्याच घरात कुणीतरी पाळतीवर बसल्यासारखं वाटतं. ते काढून टाक.

सूनबाई राखीला आशीर्वाद. तुझी माझ्यावर माया आहेच, ती पत्रातूनही कळव.

तुझी आई

बंगळुरू,
१२ ऑगस्ट

ती. आईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून राखी खूप हसली, मला हसू आलं नाही. हे ॲप मीच बनवलंय, त्याची अक्कल मला माहीत आहे. फोनला दिसत काहीच नाही. तो हलला का, कुठे आहे, किती वाजले, एवढ्यावरून अंदाज बांधतो आणि चुकतोही. पण पप्पा गोदामात पडले तेव्हा अंदाज बांधणारंही कुणी नव्हतं. म्हणून काढणार नाही. सकाळी फोन त्या फळीवर निश्चल असला तर सामायिक समजायचं, असं त्याला शिकवलंय. मात्र पुन्हा घोर लावलास, तर तुला इकडे चौदाव्या मजल्यावर घेऊन येईन. मग रुसायचं नाही.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
संयम

बंगळुरू,
२२ ऑगस्ट

ती. आईस शि. सा. नमस्कार.

तुझ्या उत्तराआधीच लिहितोय. आज फोनने दाखवलं: सामायिक, अडीच तास. लागोपाठ तीन! मी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. संध्याकाळी तुझा आवाज थकलेला वाटला, म्हटलं बसून दमली असेल. तू पुन्हा निवांत बसू लागलीस, फार बरं वाटलं.

तुझा संयम

आळेफाटा,
२८ ऑगस्ट

चि. संयम यास आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कळवायचं नाही असं ठरवलं होतं, लालचंदभाऊंनाही शपथ घातली होती. सामायिक एकच झाली रे. उठताना पायाला मुंग्या, तोल गेला, घोटा मुरगळला, कमरेतून उठवेना. फोन वर फळीवर, मी खाली. तो वाजेल, तू घाबरून कुणाला तरी पाठवशील, म्हणून वाट पाहिली. काहीच वाजलं नाही. हल्ली मी कडी लावत नाही, म्हणून भांड्यांना येणारी साळुबाई आत तरी आली. ती अजून गल्लीभर विचारत फिरते की फोन व्हता तर बाई जिमिनीवर कशा काय व्हत्या.

घोटा बरा आहे. पण मी जमिनीवर होते आणि तू ते कौतुकाने दाखवत होतास, हे वाचून रडू आलं. तुझी चूक नाही. मला आता इथे एकटीने राहायची भीती वाटते, आणि तिकडे कोंडून घ्यायचीही. पर्युषणातली संवत्सरी झाली की येऊन मला घेऊन जा.

एकच सांगते. तिकडे मी गप्प बसलेली दिसले तर फोनला विचारू नकोस, मला विचार. सामायिक मोडली तरी चालेल, मी उत्तर देईन.

जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी आई