पहिल्या स्ट्रोकचा मान

ती. दाजी,

वर्षभर जिंकून शेवटच्या रविवारी हरणाऱ्या संघावर जीव लावून बसलेल्या आपल्यासारख्या अभागी माणसांनी एकमेकांना लिहिताना आधी खुशाली विचारावी की आधी सांत्वन करावं, हा प्रश्न मला दर हंगामात पडतो. यंदा सामना अजून व्हायचा आहे, म्हणून खुशालीपासून सुरुवात करतो. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलं आणि लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा तुम्ही एकदा वर गेलात ते अडकलातच, असं ताईकडून कळलं. ताई इकडे मजेत आहे. (इतकी मजेत की मलाच काळजी वाटते. परवा गेलो तर भरदुपारी पंख्याखाली पाय पसरून झोपली होती, आणि उठल्यावर 'कोण आलंय, ते तर नाही ना?' असं विचारलं.) जावईबापू तुम्हाला हॉकीच्या गोष्टी सांगायला लावतात आणि स्वतः मोबाईल बघतात, हेही समजलं. मनावर घेऊ नका. श्रोता मिळणं किती कठीण ते मला विचारा. मी उभा जन्म कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकण्यात घालवला. शिफ्ट सुटल्यावर सायकलवर टांग मारलेल्या माणसाला क्रांतीसाठी थांबवणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तर झालं असं, की गेल्या सोमवारी नव्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं (युनियनबरोबर संघाचं सेक्रेटरीपदही माझ्याच गळ्यात). त्यांच्या खोलीतलं ते काचेचं कपाट तुम्हाला आठवत असेल. साहेब माझ्याकडे पाठ करून त्यातल्या ढाली वाचत होते. साखळीत पहिला, साखळीत पहिला, उपविजेता, साखळीत पहिला, सर्वोत्तम शिस्त. ('सर्वोत्तम शिस्त' ही ढाल कोणाला देतात हे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं.) मग वळून म्हणाले, 'सेक्रेटरी, पंप बनवणाऱ्या कारखान्याकडे इतके गुणी खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या आले, आणि बाद फेरीत प्रत्येक वेळी माती. का?' मी म्हटलं, साहेब, खेळ आहे. ते म्हणाले, 'खेळ वर्षभर असतो, मग शेवटच्याच दिवशी का नसतो?' माणूस नवा आहे, पण मूर्ख नाही, आणि साहेबलोकांत हा दोष सहसा आढळत नाही म्हणून मी गडबडलो. थोडक्यात, मला लेखी कारणं द्यायची आहेत. आणि रविवारचा उपांत्य सामनाही हरलो तर संघ बंद, मैदानावर मालाचे ट्रक उभे राहणार आणि हॉकीसाठी म्हणून हंगामी घेतलेल्या माणसांना नारळ.

हंगामी माणसं म्हणजे कोण, तर मुख्यतः आपला वेल्डर. यंदाचे निम्म्याहून जास्त गोल त्याचे. दोन मुली आहेत, बायको घरी शिवणकाम करते, आणि 'कप आणा, कायम करू' हे वाक्य त्याने तीन साहेबांच्या तोंडून ऐकलं आहे. तक्रार करत नाही. काचेचा मुखवटा डोक्यावर सरकवून हसतो आणि परत ठिणग्यांत शिरतो. अशी माणसं आमच्यासारख्या पुढाऱ्यांची फार पंचाईत करतात. जो बोंब मारत नाही त्याच्यासाठी बोंब मारायची म्हणजे दुप्पट घसा लागतो.

साम्राज्यं का बुडाली यावरचे जाडजूड ग्रंथ मी वाचलेले आहेत, दाजी, आणि त्या सगळ्या पंडितांचं एका बाबतीत एकमत आहे, की कीड आतून लागते. त्या पंडितांनी आपलं कँटीन पाहिलेलं नाही. आपल्या कँटीनमध्ये सगळी कारणं बाहेरून येतात. गोलकीपर (पेंटशॉपमधला, ज्याला आपण 'भिंत' म्हणतो आणि जो भिंतीसारखाच ऐकून घेतो) म्हणाला, 'भाऊ, ऊन डोळ्यांवर येतं.' मी म्हटलं, बाबा, गेल्या वर्षीचा सामना ढगाळ हवेत झाला. त्यावर तो म्हणाला, 'तेच ना, उन्हाची सवय झालेली.' तपासणी खात्यातला आपला फुलबॅक, ज्याला सगळे 'वकील' म्हणतात, त्याने पंचांविरुद्ध तासभर बाजू मांडली. ते पंच दरवर्षी वेगळे असतात हे सांगितल्यावर तो म्हणाला, कट किती मोठा आहे बघा. कँटीनवाल्याने खेळाडू सामन्याआधी फार खातात असा जबाब दिला, आणि खेळाडूंनी कँटीनवाला फार कमी वाढतो असा. हिशेबनीसांनी तर कमाल केली. म्हणाले, नशीब. ज्या माणसाने तीस वर्षं आमच्या प्रवासभत्त्यात नशिबाला एक पैसा सोडला नाही, तो म्हणतो नशीब.

मग मी जुन्या संघांकडे वळलो, कारण सडलेलं मूळ शोधायचं तर फांदीवर बसून चालत नाही. आपला पहिला मोठा संघ म्हणजे ओतकामातल्या त्या दोन चुलत भावांचा. एकाने नुसती मान हलवली तरी दुसऱ्याला चेंडू कुठे येणार ते कळायचं. उपांत्य सामना बरोबरीत सुटला, पाच-पाच पेनल्टी स्ट्रोक आले, हरलो. त्यानंतर डाव्या बगलेवरच्या 'वाऱ्या'चा संघ. त्याच्यामागे धावून समोरच्यांचे दोन बॅक एकमेकांवर आदळलेले मी या डोळ्यांनी पाहिले. अंतिम सामना बरोबरीत, स्ट्रोक, हरलो. आणि तिसरा संघ तो, ज्यात टर्निंगच्या विभागातला एक नवा पोरगा होता. तो स्ट्रोक मारायचा तेव्हा सरावात गोलकीपर हलायचाच नाही, जाळीचा आवाज ऐकून मग मान वळवायचा. शंभरातले शंभर म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण चुकलेला मला तरी आठवत नाही. त्या वर्षीही बरोबरी झाली. स्ट्रोक आले. आणि तो पोरगा मधल्या रेषेवर हाताची घडी घालून उभा राहिला आणि त्याने आपल्या पाच वडीलधाऱ्यांना एकामागून एक चेंडू बाहेर, खांबावर, गोलकीपरच्या पायावर आणि एकदा तर पंचांच्या दिशेने मारताना पाहिलं. तो सहावा होता. सहावा नंबर आलाच नाही.

तो पोरगा तुम्ही, दाजी. परत येताना बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात. मी शेजारी होतो. आमच्या ताईचं आणि तुमचं तेव्हा नुकतंच ठरलेलं होतं, त्यामुळे मी समोरच्या बाकाचे खिळे मोजत बसलो. पुढे कुटुंबात शिरणाऱ्या माणसाला रडताना पाहिलं असं दाखवू नये, हे शहाणपण मला त्या वयातही होतं.

आता सहावा का? तर नोकरीला लागल्याच्या तारखेप्रमाणे. ही आपली रीत. कोणी ठरवली माहीत नाही, कुठे लिहिलेली नाही, आणि म्हणूनच ती मोडता येत नाही. साखळीत कोणाला पर्वा नसते. जो जवळ असेल तो मारतो आणि आपण जिंकतो. बाद फेरीला मात्र खुर्च्या मांडतात, साहेब येतात, घरचे येतात, आणि स्ट्रोक हा फटका न राहता मान होतो. मान म्हटला की रांग आली, आणि रांग म्हटली की मागचा माणूस गुणी असून उपयोग नाही, त्याने आधी म्हातारं व्हायला हवं. बढतीत ज्येष्ठता हवी म्हणून मी गेटवर उपाशी बसलेलो आहे, आणि साहेबाचा भाचा उद्या कोणाच्या डोक्यावर बसायला निघाला तर पुन्हा बसेन. पण ती ज्येष्ठता पोटासाठी होती. तिला आपण उचलून पेनल्टीच्या ठिपक्यावर नेऊन उभी केली. चेंडूला सेवापुस्तक वाचता येत नाही.

खात्री करायला मी मीटरच्या कारखान्यात गेलो. रविवारी गाठ त्यांच्याशीच आहे. त्यांचा गोलकीपर जुना, सज्जन माणूस, गेटबाहेर चहा पाजला. मी विचारलं, आमच्यात भीतीदायक कोण? म्हणाला, 'तो वेल्डर. पण त्याचं काय, तुमच्यात तो मारतच नाही.' मग हल्ली नुसत्या स्ट्रोकपुरतं मैदानात उतरून पहिला फटका मारणाऱ्या आमच्या ज्येष्ठ खेळाडूबद्दल विचारलं, तेव्हा तो जरा संकोचला. 'ते नेहमी माझ्या उजव्या पायापाशी मारतात. मी आधी पोचतो आणि थांबतो. वयाने मोठे आहेत, घाई कशाला करायची.' (हा ज्येष्ठ खेळाडू कोण याविषयी मी काही म्हणत नाही. ओळखीचा वाटला तर योगायोग समजावा.)

परत येऊन मी प्रशिक्षकांना म्हणजे आपल्या मशीनशॉपच्या फोरमनना गाठलं. म्हटलं, हे तुम्हाला दिसत नाही? त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, 'दिसतं हो. पण मला ड्रॉइंग वाचायला कोणी शिकवलं? त्यांनी. त्यांना काय सांगू, बाजूला व्हा?' भिंतीला विचारलं, त्यालाही माहीत. वकिलाला माहीत. कँटीनवाल्यालाही माहीत. प्रत्येकाने मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून, 'माझं नाव घेऊ नका' म्हणून तेच सांगितलं. अख्ख्या कारखान्याला एक गुपित ठाऊक आहे आणि प्रत्येकाला वाटतं ते आपल्या एकट्याला ठाऊक आहे. याला आपण आदर म्हणतो. मी याला भित्रेपणा म्हणतो, आणि तो फक्त हॉकीत नाही. जिथे जिथे एखादं काम वर्षानुवर्षं बिघडत आलं आहे तिथे जाऊन बघा, चार भली माणसं एका भल्या माणसाला वाईट वाटू नये म्हणून पाचव्याचा गळा कापताना दिसतील.

असो. फार लिहिलं. साहेबांना द्यायच्या कागदात मी ऊन, पंच आणि कँटीन एवढंच लिहिलं आहे, घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी. तुम्ही विश्रांती घ्या, लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार (मोबाईल खाली ठेवतील तेव्हा). मला तुमच्याकडून काहीही नको, नुसती आठवण आली म्हणून लिहिलं.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. पत्र ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'हे पहिल्या पानावरच झोपतील, मुद्दा वर लिही.' पण पाकिटाच्या मापाचा कागद संपत आला आहे, तेव्हा मुद्दा खालीच लिहितो. 'आठवण आली म्हणून' हे खोटं आहे.

ता. क. दुसरा. तुम्ही रविवारी येऊ नये असं मी सुचवतो आहे, असा समज होईल. तसं नाही. तुम्ही आला नाहीत तर नोकरीत तुमच्या मागोमाग लागलेले स्टोअरकीपर पुढे येतील, आणि त्यांनी गेल्या वर्षी काय केलं ते मैदानामागच्या घराची खिडकी सांगेल. तुमच्या नसण्याने रीत मोडत नाही, नुसती एक जागा पुढे सरकते. ती मोडण्याचा अधिकार रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या माणसालाच आहे. बाकी कोणी बोललं तर उद्धटपणा, तुम्ही बोललात तर शब्द. तुम्हाला तुमचा स्ट्रोक मिळाला तेव्हा हात थकलेले होते, हा तुमचा दोष नाही, दाजी. पण या माणसाचे हात अजून थकलेले नाहीत, आणि त्याला थांबायला पुढचं वर्ष नाही. या कागदाची मागची बाजू कोरी ठेवली आहे. तिथे फोरमनच्या नावे एक ओळ लिहा, 'पहिला स्ट्रोक वेल्डर मारेल, मी सांगतो म्हणून', आणि खाली सही करा.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हे पत्र घेऊन आलेला, दारात चपला काढून उभा असलेला माणूस तोच वेल्डर आहे. पत्रात काय आहे त्याला ठाऊक नाही. तुमच्या हातचा तो जुना फटका त्याने कोणाकोणाकडून ऐकला आहे, आणि एकदा भेटायचं म्हणून रजा टाकून स्वतःहून निघाला. त्याला बसवा, पाणी द्या, चहा द्या. तो तुम्हाला विचारेल, की स्ट्रोक कसा मारायचा. दाजी, तुमच्या पाया पडतो, त्याला काही शिकवू नका. सही करून कागद हातात द्या आणि जाऊ द्या.