फाटकाच्या आतला शेरीफ

२ जून
आज पुन्हा रॉइस गॅस्किन्स. माझ्या बायकोचा सध्याचा नवरा. मी पेट्रोल पंपावर उकडलेल्या शेंगा घेत होतो. चार लोकांसमोर म्हणाला, काय ऑफिसर स्टोक्स, कॉलनीच्या फाटकाच्या आत गेल्यावरच अंगात येतं ना तुझ्या? सगळे फिदीफिदी हसले.
हसू दे. माझ्याकडे साउथ कॅरोलिना राज्याचं सिक्युरिटी ऑफिसरचं कार्ड आहे. पगार कॉलनीवाले देतात म्हणून काय झालं? कॉलनीच्या हद्दीत मी जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, म्हणजे शेरीफच्या डेप्युटीइतकाच पोलीस. निळा दिवा, बेड्या, पावती, सगळं. आणि रॉइस एसी दुरुस्तीला आमच्याच कॉलनीत येतो. आता बघतोच त्याच्याकडे.

३ जून
संकल्प: व्हर्नाच्या डोळ्यांदेखत त्याला कोर्टात उभं करायचं. कळू दे तिला, कोणाला सोडून कोणाकडे गेली. परत येते म्हणाली तर लगेच हो म्हणायचं नाही. निदान दोन दिवस.

५ जून, दुपारी
गोल्फच्या मैदानामागे, स्टॉपच्या पाटीजवळ झुडपात गाडी लावून बसलो. पाटीपाशी गाडी पूर्ण थांबली नाही की दंडाची पावती. रॉइसची व्हॅन आली. पाटीपाशी पूर्ण थांबली. त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, मग झुडपाकडे बघून हात केला. नालायक.

९ जून
पुन्हा थांबला. खाली उतरून टायर बघितला, चढला, गेला. मुद्दाम.
गेटवरचा ओटिस म्हणतो, अरे सोड ना बाबा, तिच्या लग्नाला दोन वर्षं झाली. ओटिसला कायद्यातलं काय कळतं!
डाएट उद्यापासून. झुडपात बसून खाणं फार होतं.

१२ जून
सापडला! व्हॅन पाटीवरून सुसाट. दिवा लावला, सायरन लावला. सावकाश चालत गेलो, बेड्यांवर हात.
स्टिअरिंगवर व्हर्ना.
रॉइसची पाठ धरली होती म्हणून कुणाचा तरी पंखा पोचवायला आली होती. म्हणालो, जा, तुला माफ. म्हणाली, तुझे उपकार नकोत लमार, पावती फाड. दोनदा म्हणाली. फाडली. लायसन्स मागितलं नाही. तिचं नाव, जन्मतारीख, सगळं पाठ आहे मला. तिने न बघताच पर्समध्ये कोंबली.
रात्री उलगडा झाला. पावती मागितली, म्हणजे कोर्टात भेटायचंय. सरळ बोलायचा तिचा स्वभावच नाही.
नवा बेत. पावती जो ऑफिसर फाडतो, कोर्टात केसही त्यानेच चालवायची असते. रॉइससमोर, भर कोर्टात, मोठ्या मनाने केस मागे घ्यायची. तोंड काळंठिक्कर पडेल त्याचं.

१० जुलै
युनिफॉर्म कडक इस्त्रीचा. न्यायाधीशबाईंनी पुकारलं, व्हर्ना स्टोक्स. कोणी उठेना. व्हर्ना पहिल्या बाकावर होती, रॉइसशेजारी. पुन्हा पुकारलं. मी बोट दाखवलं. तेव्हा उठून म्हणाली, बाईसाहेब, या नावाचं आता कोणी नाही. आणि लायसन्स पुढे केलं. व्हर्ना गॅस्किन्स.
बाईंनी विचारलं, ऑफिसर, लायसन्स बघितलं नव्हतं? नाही म्हणालो. मागून कोणीतरी खोकलं. केस रद्द. माफ करायची पाळीच आली नाही.
बाहेर रॉइस भेटला. टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं, जिव्हारी लागणारं. तो हसलाच नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, जेवलास का?
जेवलो नव्हतो. जेवलो म्हणालो.