सुमंतरावांचं मत

८ नोव्हेंबर, शनिवार

कुसुमताईंनी टीव्हीवर चादर टाकली. निळ्या फुलांची, जुनी. तेरवी होईपर्यंत लावायचा नाही. कुसुमताई यांच्या मोठ्या बहीण, आता घरात त्यांचंच चालतं.

हे बुधवारी गेले. काल शुक्रवार होता, म्हणजे 'घटनास्थळ' मालिकेचा नवा भाग. या सीझनचे शेवटचे तीनच राहिले होते. हे प्रत्येक भाग पाहायचे आणि लगेच कॉलनीच्या ग्रुपवर मत टाकायचे. लांबलचक, आकडे घालून.

डॉक्टरचा खून कोणी केला, यावर कॉलनीत दोन पक्ष आहेत. यांचं म्हणणं — इन्स्पेक्टरची बायको. "इतकी गप्प बाई म्हणजे डोक्यात काहीतरी शिजून राहिलं." हे मला सांगायचे, माझ्या शेजारी बसून. शेजारच्या चंपतरावांचं म्हणणं — बिल्डर. त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. सकाळचं फिरायला जाणं वेगळं, तर्री पोह्यांचा ठेलासुद्धा वेगळा. इतक्या वर्षांचा शेजार, आणि भांडण कोणावरून, तर टीव्हीतल्या मेलेल्या डॉक्टरवरून.

मला आता एवढंच वाटतं, यांचं खरं निघावं. दुसरं काही मागायचं राहिलेलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

माणसं भेटायला येतात. पाणी घेतात. "फार वाईट झालं" म्हणतात. मग जरा थांबून विचारतात, "त्यायनं शेवटचा कोणता भाग पाहिला होता?"

यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, एका अर्थी बरं झालं. त्यानंतरचा भाग एकदम भंगार होता."

सांत्वन करत होते बिचारे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही. लेकीने, श्वेताने, भात केला. थोडा जास्त झाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल दुपारी श्वेता पांघरुणात तोंड घालून मोबाईल पाहत होती. कुसुमताईंनी पांघरूण ओढलं. आत 'घटनास्थळ'.

"बाप जाऊन दहा दिवस नाही झाले अन् तू हे पाहून राहिली?"

"आत्या, बाबांसाठीच पाहते. त्यांचं बरोबर निघते की नाही ते."

प्रकरण नानाजींकडे गेलं. नानाजी यांचे काका, घरातल्या रीतीभातीचा निकाल तेच देतात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून सगळं दोनदा सांगावं लागलं. बराच विचार करून म्हणाले, "टीव्ही घराचा असते. मोबाईल ज्याचा त्याचा असते. सुतक घराले आहे."

"अन् आवाज?" कुसुमताईंनी विचारलं.

"आवाज घरात फिरते. तो कानात घाला."

संध्याकाळपर्यंत पाहुण्यांसकट सगळ्यांच्या कानात वायरी. चादर घातलेल्या टीव्हीसमोरच बसलेले सगळे. एक वायर श्वेताच्या कानात, दुसरी कुसुमताईंच्या. या भागात म्हातारा हवालदार मरतो. कुसुमताई ओक्साबोक्शी रडू लागल्या. मग श्वेता, मग आणखी दोघी.

तेवढ्यात चंपतराव दारात आले. भांडणानंतर पहिल्यांदाच आमच्या घरी. उंबऱ्यातच थबकले. सगळं घर रडताना पाहून त्यांनाही रडू आवरेना. "सुमंत्या गा... काय माणसं जोडून गेला तू," म्हणाले आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

ते रडणं हवालदारासाठी होतं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मी पाणी नेऊन दिलं. घरात रडत नव्हतो ते मी आणि नानाजी.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तेरवी झाली. वांग्याची भाजी चांगली झाली होती असं सगळे म्हणाले.

जेवणं झाल्यावर चंपतराव बोलायला उभे राहिले. यांचा स्वभाव, यांचा वक्तशीरपणा, पाण्याच्या टाकीसाठी यांनी केलेली धावपळ. शेवटी म्हणाले, "बिल्डरचा विषय मी आजपासून सोडला. सुमंतरावचं मत तेच आपल्या कॉलनीचं मत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेरवीला टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या.

संध्याकाळी ग्रुपवर यांचा हार घातलेला फोटो आला. खाली — भावपूर्ण श्रद्धांजली. त्याच्याही खाली — खुनी इन्स्पेक्टरची बायकोच. श्वेता म्हणाली, वाचताना असं वाटते की बाबांनाच तिने मारलं.

मागच्या गल्लीतल्या रोशनने लिहिलं, "पण खुनाच्या दिवशी तिचा हात तर प्लास्टरमध्ये होता." त्याला ग्रुपमधून काढलं. माणूस गेलेल्या घरी असं बोलू नये म्हणे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चादर धुऊन घडी करून ठेवली. टीव्ही लावला नाही. एकटीने लावून बसायचं म्हणजे कसंतरीच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काल शेवटचा भाग. अर्धी कॉलनी आमच्याकडे. चंपतरावांनी स्वतः प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. यांची खुर्ची मोकळी ठेवली, तिच्यावर कोणाला बसू दिलं नाही. इन्स्पेक्टरची बायको पडद्यावर आली की सगळे माझ्याकडे पाहायचे.

खुनी निघाला कंपाउंडर. प्रत्येक भागात पुड्या बांधणारा आणि "बसा, साहेब येतीलच" म्हणणारा.

चंपतरावांनी उठून टीव्ही बंद केला. "घाण केली मालिकावाल्यांनी."

कुसुमताई म्हणाल्या, "माह्या भावानं इतकं लिहून ठेवलं होतं. ऐकायले काय झालं होतं यायले?"

नानाजींनी विचारलं, "कोण निघालं?"

श्वेता त्यांच्या कानाशी ओरडली, "कंपाउंडर."

"कोणाकडला?"

जाताना बायका माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. हे परत एकदा गेल्यासारखं.

"मनाले लावून घेऊ नका वहिनी," चंपतराव म्हणाले. मी मान हलवली. भांडी पुष्कळ पडली होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्रुपवर कालपासून एकच. सीझन बेकार. पहिला भाग आवडला असं कोणी लिहिलं होतं, त्यानेही ते पुसून टाकलं. "सुमंतरावांचा शेवट हाच खरा शेवट" — यावर सगळ्यांचे हात जोडलेले.

चंपतराव निषेधाचं पत्र घेऊन आले. मालिकावाल्यांना पाठवायचं आहे. जाणत्या प्रेक्षकाचा अपमान वगैरे. सदर बाजारातल्या दुकानातून टाईप करून आणलं, वर यांचा फोटो. पहिली सही माझी हवी म्हणे.

मी म्हटलं, ठेवा, नंतर करते. त्यांचे डोळे भरून आले. "समजते वहिनी," म्हणाले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सही केली नाही. पत्र तसंच परत दिलं.

हे जायच्या आदल्या दिवशी, रामदासपेठेतल्या दवाखान्यात, यांनी मला विचारलं होतं. पहिल्यांदाच. "तुले कोण वाटते वं?"

मी म्हटलं, कंपाउंडर. पहिल्या भागापासून.

हे वर पंख्याकडे पाहत म्हणाले, "मले बी आता तोच वाटून राहिला. पण ग्रुपवर लिहून बसलो ना." आणि हसले.

कोणाले सांगू नको म्हणाले. नाही सांगितलं.